आबांचा चष्मा सुटला तेव्हा

लोक एकमेकांच्या डोळ्यांत बघतात ते प्रेमात, नाहीतर भांडणात. मी पगारासाठी बघत होते. नेत्र चिकित्सा अधिकारी असं माझ्या पदाचं भारदस्त नाव. गावोगाव मात्र तिथल्या अहिराणीत मी 'डोयावाली बाई', म्हणजे डोळ्यांची बाई. मी डॉक्टर नाही हे आधीच सांगून टाकते, कारण निवृत्त झाल्यावरही आमच्या कॉलनीतल्या बायका मोतीबिंदूचं ऑपरेशन माझ्याकडूनच उरकून घ्यायला बघतात. ऑपरेशन सर्जन करतात. आमचं काम त्याच्या आधीचं: नजर तपासायची, चष्म्याचा नंबर काढायचा, डोळ्याच्या आत डोकावून काय बिनसलंय ते ओळखायचं आणि पुढे पाठवायच्या माणसाला पुढे पाठवायचं. यातलं शेवटचं काम सगळ्यात अवघड. आमच्या खान्देशी माणसाची आंधळं व्हायची तयारी असते, पण डोळ्यांसाठी धुळ्याच्या बसमध्ये बसायची नसते.

आणि आत डोकावणं म्हणजे काय, हेही सांगते. डोळ्यात थेंब टाकून बाहुली मोठी केली, उपकरणातून उजेड सोडला, की पाठीमागचा पडदा दिसतो. नारिंगी, उगवतीच्या आभाळासारखा. त्यावर लाल नळ्या पसरलेल्या. अख्ख्या शरीरात कुठेही न चिरता रक्तवाहिन्या अशा सरळ दिसाव्यात अशी जागा ही एकच. समोर मळका सदरा घातलेला, विडीचा वास येणारा एखादा म्हातारा बसलेला असायचा, आणि त्याच्या आत हे असलं वैभव! पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी "अगं बाई!" म्हणून ओरडले होते आणि पेशंट घाबरून उठला होता. ओरडणं पुढे बंद झालं, पण आतून ते "अगं बाई" कधी गेलं नाही. त्याच भरवशावर मी नोकरी काढली. नाहीतर त्या कळकट चार्टसमोर 'वरचं वाचा, खालचं वाचा' करत जन्म कोण घालवेल?

जळगाव माझं माहेर. नोकरी बहुतेक धुळे जिल्ह्यात झाली. शेवटची वर्षं शिरपूरच्या बाजूला, सातपुड्याच्या पायथ्याशी. केळी, कापूस, आणि उत्तरेला डोंगराची निळी रांग. तिथल्या एका गावात शाळेतल्या मुलांचे डोळे तपासायला गेले होते. त्या दिवसाची आणि पुढच्या काही महिन्यांची ही गोष्ट.

मुलं रांगेने येत होती. सहावीतली एक मुलगी आली आणि माझं लक्ष तिच्या चेहऱ्यापेक्षा चष्म्यावर गेलं. काळी जाड फ्रेम, चांगली बाप्या माणसाची. कानांवर ठरत नव्हती म्हणून मागून परकराची नाडी बांधलेली. नाव दीपाली. मी म्हटलं, "वाच बाई." तर ही पोरगी हनुवटी खाली घेऊन काचांच्या वरून बघायला लागली. म्हणजे घरात चष्मा लावलेले आजोबा आल्या-गेल्याकडे बघतात तसं. मला हसूच आलं. "अगं, काचेतून बघ की!" म्हटलं, तर तिला पहिली ओळसुद्धा लागेना. चष्मा काढला तर दोन ओळी जास्त वाचल्या.

बोरसे सर, तिचे वर्गशिक्षक, शेजारीच उभे होते. म्हणाले, "मॅडम, ही फळ्यावरचं चुकीचं उतरवायची. मी घरी निरोप धाडला, चष्मा लावा. दुसऱ्या दिवशी चष्मा लावून हजर! मला तर पालकांचं कौतुक वाटलं."

"सर, पायात चप्पल आहे म्हणजे ती मापाचीच असते का?" मी म्हटलं. चष्म्याच्या काचा हातात घेऊन पाहिल्या तर जवळचं वाचायला म्हाताऱ्या माणसाला देतात तो अधिक नंबर. आणि पोरीला दूरचं दिसत नव्हतं, म्हणजे तिला लागणार होता उणे. आगीतून फुफाट्यात!

"हा कोणाचा गं चष्मा?"

"आबाना शे," दीपाली म्हणाली. "आबाना चष्मा सुटना ना बाई, मग त्यास्नी माले दिधा."

"सुटला म्हणजे?"

"आबाले आते चष्माविना दिसस. सुईमा दोरा बी ओवतस. बठ्ठा गाव देखाले येस." आबांचे डोळे चष्म्याविना बरे झाले, सगळा गाव बघायला येतो, असं ती सांगत होती, आणि सांगताना तिचा चेहरा असा फुलला होता की विचारू नका. ज्या चष्म्याने आबांच्या डोळ्यांना गुण दिला तो लावला तर नातीचेही डोळे बरे होतील, असा घरचा हिशेब. डोकं दुखतं म्हणून ती कुठे बोलली नाही. आबांनी दिलाय ना.

मी मात्र तिच्या घराचा पत्ता विचारून घेतला. कारण म्हातारपणी चाळीशी आपोआप सुटली की लोक पेढे वाटतात आणि आमच्या धंद्यातला माणूस रक्तातली साखर बघायला धावतो. त्याचं असं आहे. डोळ्यात एक भिंग असतं. रक्तात साखर फार चढली आणि चढलेलीच राहिली की ते भिंग पाकातल्या गुलाबजामसारखं फुगतं. फुगलं की जवळचं लख्ख दिसायला लागतं आणि दूरचं पुसट होतं. माणसाला वाटतं, देव पावला. आणि तिकडे मागच्या पडद्यावरच्या त्या सुंदर नळ्या साखरेने आतून खचत असतात. त्या दुखत नाहीत, खुपत नाहीत. काही कळवत नाहीत.

शाळा सुटायच्या आत मी आशाताईंना, म्हणजे गावच्या आरोग्यसेविकेला, साखर तपासायचं मशीन घेऊन सोबत घेतलं आणि दीपालीचं घर गाठलं.

घर गावाच्या कडेला, रस्त्याकडे तोंड करून. ओट्यावर हिलाल आबा बसलेले. पांढरी टोपी, मिशा, अंग सुकलेलं पण बसणं पाटलाचं. बाजूला पाण्याचा तांब्या. मी आल्याचं कारण सांगितलं तर आबा खूश.

"या बाई, बठा! म्हातारपनमा लोकस्ना डोया जातस, मना परत उनात!" लोकांचे डोळे म्हातारपणी जातात, आपले परत आले, असं म्हणून ते खदखदून हसले आणि सुनेला हाक मारली, "अल्का, सुई आन."

अल्काने सुई आणि पांढरा दोरा आणून दिला. हे तिला रोजचं झालेलं दिसत होतं. आबांनी सुई नाकासमोर धरली, दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं आणि एका झटक्यात ओवलं. शेजारची दोन माणसं "वा आबा!" म्हणाली. खरं सांगू? माझ्याही तोंडून वा निघालं. मला त्याचं कारण ठाऊक होतं, ते भयंकर आहे हे ठाऊक होतं, तरी सत्तरीला टेकलेला माणूस दुपारच्या उजेडात सुई ओवतोय हे दृश्य मोठं देखणं होतं.

"आबा, समोरच्या पत्र्यावर काय बसलंय?"

आबांनी डोळे बारीक केले. "कबूतर."

ती कुणाची तरी वाळत टाकलेली करडी बनियन होती. माणसं हसली. आबांनी हात झटकला. "दूरनं देखीसन माले काय करनं शे? मनं वावर मी डोया झाकीसन फिरस." आपल्या शेतात डोळे मिटून फिरणाऱ्याला दूरचं बघून काय करायचंय!

तेवढ्यात शाळा सुटली. दूर वळणावर चिंचेचं झाड आहे, तिथे पोरी दिसायला लागल्या. आबांनी बोलता बोलता हात वर केला. वळणावरून एक हात वर झाला. अल्का म्हणाली, रोजचं आहे हे, दीपाली पहिलीत होती तेव्हापासून. आबा शेतात असोत की आजारी, शाळा सुटायला ओट्यावर येऊन बसणार. पोरगी चिंचेपाशी आली की हात करणार. मग तीच हळूच म्हणाली, "आबा भलता पानी पेतस, बाई. रातले घडीघडी उठतस. धोतर ढिलं व्हई गयं."

आशाताईंनी बोट टोचलं. आकडा पाहून पुन्हा एकदा टोचलं. मग माझ्याकडे बघितलं.

आबांना दवाखान्यात आणायला मला काय काय करावं लागलं ते लिहीत नाही. आले. डॉक्टरांनी गोळ्या, पथ्य सगळं ठरवून दिलं. मी डोळ्यात थेंब टाकले तर आबा म्हणाले, "घसामा कडू लागस." लागणारच. डोळ्याच्या कोपऱ्यातून एक बारीक वाट नाकात आणि तिथून घशात उतरते. एकदा शिरपूरच्या एका मारवाडी किराणावाल्यांच्या आई माझ्यासमोर बसून थेंबच घेईनात. पर्युषणातला उपवास, आणि थेंबाची चव घशात आली तर तो मोडणार! मी त्यांच्या डोळ्याचा आतला कोपरा बोटाने दाबून धरला. ती वाट बंद झाली, थेंब डोळ्यातच राहिला. आजी म्हणाल्या, "बाई, ही वाट तुम्हाला कोणी दाखवली?" मी म्हटलं, शिकवली मास्तरांनी, केली कोणी ते तुम्हीच सांगा. डोळ्याइतकी शहाणी वस्तू मी दुसरी पाहिली नाही.

आबांचा पडदा पाहिला आणि तोच प्रश्न मला उलटा पडला. इतकी शहाणी वस्तू, मग ओरडत का नाही? उगवतीच्या त्या आभाळावर लाल ठिपके सांडलेले होते. कडेला पिवळट ओघळ. आणि उजव्या डोळ्यात नव्या, नाजूक, वेड्यावाकड्या नळ्या उगवायला लागलेल्या. या नळ्या फार कच्च्या असतात. एखादी फुटली की डोळ्यात रक्त पसरतं आणि माणसाला सकाळी उठल्यावर अंधार दिसतो. धुळ्याला जाऊन लेसर करून घेतलं तर पुढचं थांबवता येतं. गेलेलं परत येत नाही, पण उरलेलं राहतं. मी त्यांना हे सगळं सांगितलं. आबा ऐकत होते, आणि माझ्या टेबलावरच्या औषधाच्या चिठ्ठीवरची बारीक अक्षरं चष्म्याविना वाचत होते. सांगा आता, कोण विश्वास ठेवेल?

तरी अल्काच्या धाकाने गोळ्या सुरू झाल्या. साखर उतरायला लागली. भिंगाची सूज उतरली. आणि जे व्हायचं तेच झालं. आबांना जवळचं दिसेनासं झालं. मी आधी बजावलं होतं, काही आठवडे नजर डचमळेल, घाबरू नका, दूरचं सुधारेल. पण ऐकणाऱ्याला आपल्या सोयीचं तेवढंच ऐकू येतं. पाहुण्यांसमोर सुई मागवली आणि दोरा काही जाईना. गावात झालं सुरू: डोयावाली बाईने आबांचे चांगले डोळे घालवले.

मी गेले समजूत काढायला. आबांनी बसा म्हटलं, चहा दिला, रीत सोडली नाही. मग शांतपणे म्हणाले, "बाई, तुमनी गोयी खादी, दोरा गया. मंग मी गोयी सोडी दिधी, दोरा परत उना. आते तुमीनच सांगा, रोग कोनता आनि दवा कोनती?"

गोळी खाल्ली तेव्हा दोरा गेला, सोडली तेव्हा आला. बोला! त्यांनी चक्क स्वतःवर प्रयोग केला होता, तोही चोख. एक गोष्ट बदलायची, बाकी तशीच ठेवायची, आणि काय होतं बघायचं. आम्हाला शिकवलेली पद्धत याहून वेगळी नव्हती. मला राग यायला हवा होता, आणि आलाही, पण त्याखाली मला त्या माणसाचं नवल वाटत होतं. उत्तर चुकलेलं, रीत मात्र बरोबर. याला खोडायचं तरी कसं? मी पडद्याचा फोटो दाखवला. ते म्हणाले, चांगला निघालाय, कोणाचा शे? मी कपाळावर हात मारला आणि बाहेर पडले.

त्या दिवसांत मला झोप लागेना. ती कच्ची नळी कधी फुटेल याचा नेम नव्हता. मी आबांना दमदाटी करू शकत नव्हते, उचलून नेऊ शकत नव्हते. माणूस स्वतःच्या डोळ्याने बघून सांगतोय की मला दिसतंय, त्यापुढे तुमचं ज्ञान काय चाटायचं?

मुलांचे चष्मे आले तेव्हा मी ते वाटायला शाळेत गेले. दीपालीचा नवा चष्मा, निळी फ्रेम, तिच्या मापाची. व्हरांड्यात उभी करून मी तो तिच्या नाकावर ठेवला आणि म्हटलं, बघ. ती वळली. उत्तरेला सातपुडा होता. पोरगी तोंड उघडं टाकून बघतच राहिली.

"बाई, डोंगरवर झाडे शेतस!"

"मग काय असणार?"

"माले वाटे, निया रंग शे नुसता." आपल्या गावामागचा डोंगर म्हणजे नुसता निळा रंग, असं समजून ती इतकी वर्षं जगली होती. बोरसे सर मागे फिरले आणि उगाच खडू शोधायला लागले. मी पोरीला सांभाळू की सरांना! अशा क्षणी मला नेहमी वाटायचं, सरकार आपल्याला वर पगारही देतं हे फारच झालं.

शाळा सुटल्यावर मी तिच्यासोबत निघाले. आबांशी आणखी एकदा भांडून बघायचं ठरवलं होतं. ती वाटभर वाचत होती: पाटी, भिंतीवरची जाहिरात, ट्रॅक्टरवरचं नाव. चिंचेपाशी आलो. पुढे तिच्याच वर्गातली कोमल दोन पोरींबरोबर विहिरीच्या वाटेला वळली होती. दीपालीने हात वर केला.

ओट्यावरून आबांनीही हात वर केला. मोठ्या प्रेमाने हलवला. विहिरीच्या वाटेने चाललेल्या कोमलकडे बघून.

दीपालीचा हात तसाच राहिला. तिने पुन्हा हलवला. आबांचं तोंड तिकडेच. कोमलने मागे वळून पाहिलंसुद्धा नाही, तरी आबा समाधानाने हात करत होते.

मग माझ्या लक्षात आलं. या दोघांपैकी कोणालाच कोणी दिसत नव्हतं! नातीला दूरचं आधीपासूनच दिसत नव्हतं; ती घराच्या दिशेने हात करायची, कारण आबा तिथे असतातच. आबांचं दूरचं अलीकडे गेलं होतं. ते चिंचेच्या दिशेने हात करायचे, कारण दीपाली तिथे येतेच. दोघं रोज नुसत्या भरवशावर हात करत होते. माणसाच्या डोळ्यांची मी एवढी तारीफ करत हिंडले, पण डोळ्यांवाचून माणसं काय काय चालवून नेतात ते मला त्या चिंचेखाली दिसलं.

पोरगी पळत सुटली. मी पोचेपर्यंत ती ओट्यासमोर उभी राहून रडत होती.

"तुमले मी दिसतच नही, आबा! तुमीन कोमलले हात करी ऱ्हायंतात!"

आबा हसत म्हणाले, "येडी का व्हयनी? मी तुलेच..." आणि थांबले. त्यांनी रस्त्याकडे बघितलं. डोळे बारीक केले, मोठे केले. तळहात कपाळावर धरला. मी एक शब्द बोलले नाही. माझ्या आयुष्यात हे क्वचित घडलंय. आबांनी विचारलं, "आते चिंचखाले कोन शे?" दीपाली म्हणाली, "कोनीच नही, आबा. सायकल शे."

अल्का दारात येऊन उभी होती. सुई-दोरा ओट्यावरच पडलेला होता. आबांनी तो उचलला, टोपीच्या घडीत खोचला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाई, धुयाले कवय जानं शे?"

धुळ्याला कधी जायचं! एवढे तीन शब्द ऐकायला माझी सगळी हुशारी कमी पडली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने नेलं. लेसर टप्प्याटप्प्याने झालं. गोळ्या परत सुरू झाल्या, चहातली साखर गेली, केळी मोजून. उजव्या डोळ्यात एक पुसट डाग राहिला तो राहिलाच. थोडं आधी पोचलो असतो तर, हे मला आजही वाटतं. पण आमच्या कामात जे वाचलं ते कोणाला दिसत नाही. फुटली नाही ती नळी कशी दाखवणार? लोक मोतीबिंदूवाल्या सर्जनच्या पाया पडतात. आमच्या वाट्याला चहा येतो, तोही बिनसाखरेचा.

निवृत्तीच्या आधी एकदा त्या गावाला गेले. आबांच्या भिंगाची सूज पुरती उतरून नंबर ठरला होता. तपासला तर जुना होता तोच! नवा चष्मा करायचीही गरज नव्हती. अल्काने दीपालीच्या कोनाड्यातून तो जुना काळा चष्मा काढला. टाकला नव्हता पोरीने. आबांनी तो तिच्या नाडीसकट नाकावर चढवला आणि पेपर उघडला. चाळीशी परत लागलेल्या माणसाकडे बघून इतका आनंद झालेली बाई साऱ्या महाराष्ट्रात मी एकटीच असेन.

मी चहा घेत होते तेवढ्यात शाळा सुटली. आबांनी चष्मा काढून गळ्यात सोडला, दूरचं बघायला तो लागत नाही. चिंचेपाशी पोरींचा घोळका आला. सगळ्यांचा गणवेश एक, सगळ्यांच्या दोन वेण्या, सगळ्यांच्या पाठीला दप्तर. मला तर त्यातली दीपाली ओळखू येईना. माझीही आता साठी आली.

आबांनी हात वर केला. आज दीपालीचा हात खाली होता, ती कोमलशी काहीतरी बोलण्यात गुंतलेली. आबांनी हात तसाच वर धरून ठेवला आणि मला म्हणाले, "ती देखा, निया चष्मावाली. देखी आते आपलाकडे." आता बघेल म्हणे आपल्याकडे.

आणि तिने पाहिलं.